वणव्यात पॅराशूटने उतरणारे: मॅन गल्चच्या आधी कोणी गेलं होतं का?

रानवाटा: अमेरिकेत मॉंटानातल्या मॅन गल्च या घळीबद्दल वाचतोय. ५ ऑगस्ट १९४९ ला १५ स्मोकजंपर, म्हणजे पॅराशूटने उतरून वणवा विझवणारे, विमानातून उतरले, खाली एक वनरक्षक येऊन मिळाला. संध्याकाळी सहाच्या सुमारास वणव्याने गाठलं, १३ जण गेले. दोन शंका आहेत. म्होरक्या वॅग डॉजने पळता पळता स्वतःच गवत पेटवलं आणि तो वाचला, हे कसं? आणि या कामात गेलेले हे पहिलेच का?

तिरपागडा: पेटवलं ते पुढचं गवत. ते जळून गेल्यावर तिथे जळायला काही उरलं नाही, त्या राखेत तो पालथा पडून राहिला आणि वणवा बाजूने निघून गेला. बाकीच्यांना हाका मारल्या होत्या त्याने. पण मागे आग, आणि म्होरक्या पुढेही आग लावतोय! मीसुद्धा थांबलो नसतो. त्यांच्यातले दोघे, सॅली आणि रम्सी, वरच्या कातळातल्या फटीतून पलीकडे गेले म्हणून वाचले.

जुनी वही: पहिले नाहीत. माल्विन ब्राउन, ६ ऑगस्ट १९४५, ओरेगनमधलं उम्पक्वा जंगल. (हो, हिरोशिमाचाच दिवस.) हा वनखात्याचा माणूसही नव्हता. ५५५ वी पॅराशूट बटालियन, 'ट्रिपल निकल्स', सगळे कृष्णवर्णीय सैनिक. ब्राउन त्यांच्यातला वैद्यकीय मदतनीस. युरोपात लढायची उमेद धरून तयार झालेली ही पोरं, त्यांना धाडलं पेंडलटनला, वणवे विझवायला. जपानने वणवे पेटवायला बॉम्ब लटकवून सोडलेले फुगे पॅसिफिक ओलांडून येत होते. मे महिन्यात ब्लाय गावाजवळ तसल्याच एका बॉम्बने एक गरोदर बाई आणि पाच मुलं मारली होती. या पोरांच्या डोक्यावर फुटबॉलचं हेल्मेट, तोंडावर तारेची जाळी, जवळ झाडावरून उतरायचा दोर. ३६ वणवे आणि १२०० च्या वर उड्या. मोहीम मात्र गुपित.

ब्राउन आगीने गेला नाही. उंच झाडात अडकला आणि खाली उतरताना पडला. मॅन गल्चच्या उतारावर मात्र जो जिथे पडला तिथे क्रूसाची खूण आहे. त्यातला डेव्हिड नेवन ज्यू होता, तर त्याचा क्रूस काढून सहा टोकांच्या ताऱ्याची खूण बसवली, इतकी काळजी. चांगलंच केलं. पण 'पहिला कोण' विचारलं की ब्राउन कोणाच्या तोंडी येत नाही, हे मला खटकतं.

तिरपागडा: खटकू दे, पण मॅन गल्च लक्षात राहतं ते नुसत्या आकड्यामुळे नाही. त्या मृत्यूंवर अभ्यास झाला. १९५७ मध्ये वणवा विझवणाऱ्यांसाठी दहा नियम आले, त्यामागे अशाच दुर्घटना होत्या.

जुनी वही: नियमांबद्दल वाद नाहीच. पण झाडावरून उतरणं हाही या कामाचाच भाग, तोही शिकावाच लागतो.

रानवाटा: आणि पहिली उडी?

जुनी वही: अमेरिकेतली म्हणाल तर १२ जुलै १९४०, आयडाहोतलं नेझ पर्स जंगल. रूफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली. कूलीच्या दोऱ्यांना पीळ पडला, तो स्प्रूसच्या झाडात जाऊन अडकला, पण धडधाकट खाली आला. मॅन गल्चला विमानाच्या दारातून त्या १५ जणांना सोडणारा स्पॉटरही हाच कूली. रशियात तर हे काम १९३६ पासूनच सुरू होतं. त्यावर कोणाकडे काही असेल तर टाका.