मदत हवी आहे: हिचकॉकच्या मूकपटांतल्या पाट्या वाचून व्हायच्या आत पळतात

बाबांचा उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्या कानाला यंत्र लावलं तरी सिनेमातले संवाद म्हणजे त्यांना नुसता गलका वाटतो. एकेकाळी हा माणूस हिचकॉकचा पक्का भक्त होता, 'सायको' तोंडपाठ. गेल्या वर्षभरात टीव्हीसमोर बसणंच सोडलंय त्यांनी. मग मला वाटलं, हिचकॉकने सुरुवात मूकपटांनी केली, त्यात ऐकायचं काही नाहीच, तर तेच का दाखवू नयेत?

म्हणून हिचकॉकच्या सुरुवातीच्या वीस चित्रपटांचा चार डीव्हीडींचा एक स्वस्त संच मागवला. 'द लॉजर' (१९२७) लावला आणि पंधरा मिनिटांत बंद केला.

माणसं शेपटीला आग लागल्यासारखी पळतात. दोन दृश्यांच्या मध्ये इंग्रजी मजकुराच्या पाट्या येतात, त्याही तशाच. बाबा इंग्रजी वाचतात पण सावकाश, ओठ हलवत. दुसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पाटी गेलेली असते. बरं, जी दिसते तिचंही प्रत्येक ओळीतलं डावीकडचं पहिलं अक्षर अर्धं कापलेलं. मी मोठ्याने वाचून दाखवायला गेले, तर म्हणाले, "ऐकू येत नाही म्हणूनच हे लावलंस ना?" काय बोलणार!

शिवाय रात्रीची दृश्यं कोणती आणि दिवसाची कोणती तेच कळत नाही, सगळंच करडं. आणि पोलिसांना मुलीचं प्रेत सापडतं तिथे पाठीमागे झकास वॉल्ट्झ (नाचाची धून) वाजतोय. तो त्रास अर्थात मला एकटीलाच.

तर प्रश्न असे. मूकपट असेच असतात की माझी प्रत भिकार आहे? चांगली प्रत कुठली घ्यावी? आणि ती येईपर्यंत आहे त्यात काही करता येईल का? कृपया "बोलपट सबटायटल लावून दाखवा" असं सुचवू नका, ते करून झालंय. खालचं वाचायचं की चेहरे बघायचे, यात ते दमतात.

प्रतिसाद १

मूकपट असे नसतात, प्रत भिकार आहे. डबीवर 'लॉजर'ची लांबी किती लिहिलीय?

धागालेखिका

७५ मिनिटं.

प्रतिसाद १

वाटलंच होतं. नीट दुरुस्त केलेल्या प्रतीत हाच चित्रपट ९१ मिनिटं चालतो. वरची सोळा मिनिटं कोणी कापली असं समजू नका. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम (सुटी चित्रं) हा वेग पक्का झाला, कारण वेग हलला की आवाजाची पट्टी हलते. त्याआधी कॅमेरामन हाताने हँडल फिरवायचे आणि वेग बराच कमीजास्त असायचा. २० फ्रेमने दाखवायची रीळ २४ ने पळवली की ९१ मिनिटांची ७६ होतात. करा हिशोब. पाट्यासुद्धा त्याच हिशोबाने पळतात, त्यामुळे दोष बाबांच्या वाचनाचा नाही हे त्यांना आधी सांगा.

कापलेल्या अक्षराचं कारणही तेच, बोलपट. मूकपटाची चौकट फिल्मच्या पूर्ण रुंदीवर असते. बोलपटाच्या फिल्मवर डाव्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा सोडतात. जुना मूकपट तसल्या फिल्मवर उतरवला की चित्राची डावी कड त्या पट्टीखाली जाते. पाट्यांवर लगेच लक्षात येतं. एरवी कडेला उभा असलेला माणूस अर्धा गायब होतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सध्यापुरता उपाय: डीव्हीडी संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा, वेग ०.८३ करा (२० भागिले २४), आवाज बंद. पाटी आली की स्पेसबार दाबून थांबवा आणि कळ त्यांच्याच हातात द्या. कापलेलं अक्षर मात्र परत येणार नाही.

प्रतिसाद २

प्रतीबद्दल सांगतो. हिचकॉकचे नऊ मूकपट आज शिल्लक आहेत आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये नऊच्या नऊ दुरुस्त केले. घेताना एवढंच बघा, की डिस्क त्या दुरुस्तीवरून केलेली आहे ना. 'लॉजर'साठी क्रायटेरियन या कंपनीची ब्लू-रे घ्या, सोबत त्याच वर्षाचा 'डाउनहिल'ही आहे. फक्त ती रीजन 'ए'ची (म्हणजे अमेरिकेकडच्या प्लेअरसाठीची) आहे आणि ब्रिटनमधल्या डिस्क सहसा 'बी'च्या असतात. आपला प्लेअर काय वाचतो ते आधी पाहा, नाहीतर डिस्क शोकेसमध्ये ठेवावी लागेल (माझी एक आहे तशी).

तुमच्या 'करड्या' तक्रारीचंही उत्तर त्यात मिळेल. 'लॉजर'च्या मूळ प्रती रंगवलेल्या होत्या. धुक्यातल्या रात्री निळ्या, घरातली दृश्यं पिवळसर. तो रंग उडाला की लंडनचं धुकं आणि भरदुपार सारखीच.

ब्रिटिश दुरुस्तीला नितिन साहनीचं संगीत होतं, त्यात चक्क गाणी आहेत. मला ती खटकली. क्रायटेरियनवर नील ब्रँडचं आहे, ते बरं. बाबांना फरक पडणार नाही, पण तुम्हाला पडेल.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारं जे काही चालू असेल ते बंद करा, चौकट ४:३ ठेवा.

प्रतिसाद ३

माझं मत जरा वेगळं. सुरुवात 'लॉजर'ने न करता 'द रिंग'ने (१९२७) करा. जत्रेतला मुष्टियोद्धा आणि त्याची बायको, गोष्ट साधीच आहे. पण बघा कशी सांगितलीय. जत्रेत त्याच्यासमोर पहिल्या फेरीपलीकडे कोणी टिकतच नाही. त्यामुळे 'फेरी १' लिहिलेला फलक मळून, कडा झिजून गेलेला. एक दिवस कोणीतरी टिकतो आणि 'फेरी २'चा फलक काढतात, तर तो कोरा करकरीत. एक शब्द बोलावा लागत नाही! पुढे तो जिंकून घरी येतो, मित्रांना शॅम्पेन ओततो, बायकोसाठी सगळे थांबतात. ती येत नाही. ग्लासातले बुडबुडे विरून जातात.

एक इशारा: जत्रेच्या सुरुवातीच्या दृश्यांत काळ्या माणसाची टिंगल आहे आणि एका पाटीवर आज कोणी उच्चारणार नाही असा शब्द आहे. आधी सांगून ठेवा.

'ब्लॅकमेल'ही (१९२९) बघाच, पण मूक आवृत्ती. तो चित्रपट दोन्ही रूपांत आला होता. बोलपटातला गाजलेला प्रसंग म्हणजे शेजारीण बडबडतेय आणि नायिकेला त्यातून फक्त 'सुरी' हा शब्द ऐकू येतो. ती सगळी गंमत कानाची, बाबांच्या उपयोगाची नाही. किनो लॉर्बर या कंपनीच्या ब्लू-रेत दोन्ही आवृत्त्या आहेत.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लू-रे मागवली आहे. तोवर काल रात्री व्हीएलसीवर ०.८३ ने तोच 'लॉजर' पुन्हा लावला, कीबोर्ड बाबांच्या मांडीवर. पहिल्या दोन-तीन पाट्या त्यांनी थांबवून वाचल्या, मग थांबवणंच सोडलं. म्हणाले, तोंडाकडे बघून कळतंय.

खालच्या मजल्यावर घरमालक मंडळी बसलीत, छताचं झुंबर हलायला लागतं, सगळे वर बघतात आणि छत काचेचं झाल्यासारखं वरच्या भाडेकरूचे येरझारा घालणारे बूट दिसतात. तिथे बाबांनी मान वर करून आमच्या पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पावलं वाजली." मी काही बोलले नाही.

आता त्यांनी कुठूनतरी यादी काढलीय आणि 'द माउंटन ईगल' हवा म्हणतायत. तो कुठल्या संचात आहे?

प्रतिसाद २

कुठल्याच नाही. १९२६ चा, हिचकॉकचा दुसरा पूर्ण चित्रपट. त्याची एकही प्रत शिल्लक नाही, फक्त काही छायाचित्रं आहेत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या हरवलेल्या चित्रपटांच्या शोधयादीत त्याचं नाव आहे.

धागालेखिका

सांगितलं. "मग छायाचित्रं तरी काढून दे," म्हणाले. छापतेय.