बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

चार वर्षांची पदवी आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन वॉर्डात गेल्यावर पदवी कुठे कामाला आली, कुठे नाही? हॉस्पिटलचं नाव न घेता लिहा. सुरुवात मी करते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. माझ्या शेजारी जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा झालेली मैत्रीण. पद तेच, पगार तोच. ती माझ्याइतकीच चांगली नर्स आहे, हेही सांगते. मग चौथं वर्ष कशासाठी, हे घरच्यांना समजावता येत नाही.

*

मेडिसिन वॉर्ड, नाइट. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आमच्याकडून घोकून घेतला होता. वॉर्डात दोघी असलो तरी नशीब! केअर प्लॅन, म्हणजे प्रत्येक पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा, राहिला कॉलेजच्या फाइलीत. इंजेक्शनं, सलाइन, इंडेंट (औषध-सामानाची मागणी), चादरींचा हिशेब, त्यातच उजाडतं.

*

पुण्यात खासगीत होते. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडणार नाही असा बाँड सही करून घेतला, ओरिजिनल सर्टिफिकेटं ठेवून घेतली. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही किमान २०,००० पगार सुचवला होता. एचआरला दाखवलं. "ती शिफारस आहे, सिस्टर." विषय संपला.

*

मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. त्यासाठीचा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून गावच्या आरोग्य उपकेंद्रात आले आणि इथे पदवी खरंच वापरतेय. बीपी-शुगरचे पेशंट मीच बघते, औषध मीच देते, कुणाला पुढे पाठवायचं ते मीच ठरवते. गावात "मॅडम" म्हणतात, सवय व्हायला वेळ लागला. पण नोकरी कंत्राटी. २५,००० ठरलेले, वर १५,००० पर्यंत कामावर आधारित मोबदला. काम म्हणजे पोर्टलवरची नोंद, आणि आमच्या पाड्यावर रेंज नाही. उपकेंद्रातल्या एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) ताई सुरुवातीला फटकून होत्या. वीस वर्षं गाव त्यांनी सांभाळलं आणि वर बसवली कालची पोरगी, त्यांचंही बरोबरच होतं.

*

मी ब्रदर. एम्सच्या नॉरसेटमध्ये, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेत, ८० टक्के जागा मुलींना, २० टक्के आम्हाला. फॉर्म भरतोय. एक फायदा मात्र आहे : जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो, आपल्याला नाही.

*

जर्मनीहून. बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा केली. इथे अंघोळ घालणं, भरवणं हेही नर्सचंच काम. आईला अजून सांगितलेलं नाही. पगाराला नाव ठेवणार नाही.

*

सीएचओ ताई, ब्रिज कोर्सचा बाँड किती वर्षांचा होता?