मदत हवी आहे: नेपिअर गवत गाईंना किती पचतंय, कसं कळेल?

नमस्कार मंडळी. हिंगण्याजवळ माझा सहा गाईंचा गोठा आहे. पावसानं कापणी लांबली आणि संकरित नेपिअर 75 दिवसांचं झालं. आता शेण चाळणीवर धुतलं की न पचलेले बोटभर धागे हाताला लागतात, जीव तुटतो हो! वैरणीच्या तपासणीत एडीएफ (म्हणजे पचायला जड असा कठीण तंतुमय भाग) 42 टक्के आलं. 88.9 मधून एडीएफची 0.779 पट वजा केली की पचनीयता साधारण 56 टक्के निघते. पण हे सूत्र आपल्याकडच्या जाड खोडाच्या गवताला लागू पडतं का? की गाईच्या पहिल्या पोटात (रुमेनमध्ये) वैरण भरलेली नायलॉनची पिशवी 48 तास ठेवूनच खरं कळतं? नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी अशी चाचणी करून घेतली आहे का? तोवर सरकी ढेप वाढवू, की पुढची कापणी 45 दिवसांवर आणू?