पाच फुटी फिशटँकसाठी हीटर किती वॅटचा घ्यावा?

सोप्यातली टाकी (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. आमचे घर शहापुरातले जुने, दगडी भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. त्याच्या सोप्यात मी पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची टाकी बसवली असून तिच्यात सहा एंजल, थोडे गुरामी आणि पाच क्लाउन लोच सोडले होते. आधीच्या लहान टाकीतला १०० वॅटचा हीटर होता, तोच हिच्यातही लावला. गेल्या जानेवारीत तो रात्रंदिवस चालू राहिला, त्याचा लाल दिवा आठवडाभर एकदाही विझला नाही, तरी पाणी २३ अंशांच्या वर चढले नाही. त्या दिवसांत सोप्यात पहाटे १७ आणि दुपारी फार तर २१ अंश तापमान असे. दुसऱ्या आठवड्यात लोचच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले आणि पाचांपैकी दोन दगावले. ते दोन मासे माझ्या चुकीमुळे गेले याची रुखरुख अजून आहे.

आता थंडीच्या आधीच व्यवस्था करायची आहे. एक दुकानदार ५०० वॅटचा एकच हीटर घ्या म्हणतात. दुसरे म्हणतात, लिटरला एक वॅट धरा. तसे धरले तर ४२५ वॅट होतात. विजेच्या बिलाचाही विचार करावा लागणार आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना छंदी (टिळकवाडी)

आपण दिलेले आकडे इतके उपयोगी आहेत की कोणतेही कोष्टक न पाहता उत्तर काढता येते. मी तरी हीच पद्धत वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम पाणी किती आहे ते पाहू. पाच गुणिले दीड गुणिले दोन म्हणजे १५ घनफूट, आणि एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, त्यामुळे कागदावर ४२५ लिटर होतात. पण काचेची जाडी, तळाची खडी, दगड आणि वरची मोकळी सोडलेली जागा वजा केली तर प्रत्यक्षात ३५० लिटरच्या आसपासच पाणी राहते. एवढे पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४०० वॅट-तास, म्हणजे ०.४ युनिट लागते.

पण हीटरचे खरे काम पाणी एकदा तापवण्याचे नसते, तर काचेतून आणि वरच्या पृष्ठभागावरून सतत जाणारी उष्णता भरून काढण्याचे असते. आपला १०० वॅटचा हीटर अखंड चालला आणि पाणी २३ वर थांबले, याचा अर्थ तेवढ्या तापमानाला आपली टाकी बरोबर १०० वॅट उष्णता बाहेर टाकत होती. सोप्याची दिवसभराची सरासरी १९ अंश धरली तर फरक चार अंशांचा होतो, म्हणजेच फरकाच्या दर अंशाला २५ वॅट. हा आपल्या टाकीचा स्वतःचा आकडा आहे. तो दुकानदाराला ठाऊक असणे शक्य नाही, कारण त्याने आपला सोपा पाहिलेला नाही.

आता पाणी २७ अंशांवर ठेवायचे असेल तर सरासरी आठ अंशांचा फरक टिकवावा लागेल, म्हणजे २०० वॅट. आणि पहाटेच्या १७ अंशांना २५० वॅट. हीटर सतत शंभर टक्के चालू राहू नये म्हणून थोडी ताकद राखीव हवी, त्यामुळे ३०० वॅट पुरेत. बेळगावकरांनी पावसाळाही विसरू नये. आपले गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की कौलारू घरात दिवसासुद्धा २१-२२ अंशांच्या वर तापमान जात नाही. त्या महिन्यांतही १२५ ते १५० वॅट सतत लागतील.

बिलाचे म्हणाल, तर सरासरी २०० वॅट म्हणजे दिवसाला ४.८ आणि महिन्याला १४४ युनिटे. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या पुढे गेला की सगळेच बिल भरावे लागते, तेव्हा हा आकडा डोळ्याआड करता येणार नाही. यावर उपाय हीटरमध्ये नाही, झाकणात आहे. आपली टाकी वरून उघडी आहे का? उघड्या पाण्याची वाफ होताना फार मोठी उष्णता निघून जाते. वर काचेचे झाकण आणि मागे व दोन्ही बाजूंना अर्धा इंच थर्माकोल एवढे केले तरी तो २५ चा आकडा बराच खाली येईल.

मासेवाला (खानापूर)

टिळकवाडीच्या दादांचा हिशेब मला पूर्ण पटला, पण ३०० वॅटचा एकच हीटर घेऊ नये, १५० वॅटचे दोन घ्यावेत असे मी कळकळीने सांगेन. माझ्याकडे चार फुटी टाकीत ३०० वॅटचा एक हीटर होता. एके रात्री त्याच्या थर्मोस्टॅटचे टोक आतल्या आत चिकटून बसले आणि हीटर बंदच झाला नाही. सकाळी मी टाकीच्या काचेला हात लावला तेव्हा ती बाळाच्या आंघोळीच्या पाण्याच्या तपेलीसारखी उबदार लागली. थर्मामीटर ३४ दाखवत होता. एंजल पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून उभे होते आणि माझा आठ वर्षांचा गुरामी खडीवर आडवा पडलेला होता.

पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम असतो, तो ३० अंशांना ७.६ वर येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून हीटर असलेल्या टाकीत एअर पंप हवाच.

आपल्याच २५ च्या आकड्याने पाहा. ५०० वॅटचा हीटर थंडीत असा चिकटला तर पाणी खोलीपेक्षा २० अंशांनी वर, म्हणजे ३९ पर्यंत जाऊ शकते. १५० वॅटचा चिकटला तर सहाच अंश वर, म्हणजे २५ पर्यंत, आणि दुसरा हीटर त्यात फक्त कमी पडेल तेवढीच भर घालेल. दोहोंपैकी एक जळून बंद पडला तरी पाणी २५ च्या आसपास राहते आणि मासे सुखरूप असतात. उन्हाळ्यात मात्र हा दिलासा नसतो. एप्रिलमध्ये खोली २९ अंशांवर असताना १५० वॅटचा हीटर चिकटला तर पाणी ३५ वर जाईल. त्यामुळे होळी झाली की मी दोन्ही हीटर नुसते बंद करत नाही, तर पाण्याबाहेर काढून, पुसून कपाटात ठेवतो.

पाच फुटी टाकीत दोन हीटर दोन टोकांना, फिल्टरच्या प्रवाहाजवळ आणि थोडे तिरपे बसवावेत. खडीत मुळीच पुरू नयेत. पाणी बदलण्याआधी वीस मिनिटे पिन काढून ठेवावी, कारण तापलेली काचनळी उघडी पडून तिच्यावर गार पाणी आले की ती तडकते.

वायरमन (निपाणी)

माझा विषय मासे नाही, वीज आहे, म्हणून तेवढेच लिहितो. हीटरवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टचे असतात. आमच्याकडे संध्याकाळी १९० व्होल्टपर्यंत दाब उतरलेला मी मोजला आहे, आणि त्या दाबाला ३०० वॅटचा हीटर २०५ वॅटच देतो. आपल्या घरी असे होत असेल तर राखीव ताकद थोडी जास्त धरावी.

वेगळा टेंपरेचर कंट्रोलर जरूर लावावा. त्याचा सेन्सर टाकीच्या मध्यभागी ठेवून त्यावर २६ अंश लावावेत आणि हीटरचे स्वतःचे बटण २८ वर ठेवावे, म्हणजे एक कुलूप बिघडले तरी दुसरे राहते. हे सगळे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागेच, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच जोडा, आणि जुन्या घरात अर्थिंग खरोखर आहे की नुसते तिसरे भोक आहे, हे आधी तपासून घ्या. वायर सॉकेटकडे जाण्याआधी एकदा सॉकेटच्या खाली लोंबली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी तिथेच खाली गळते. पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन काढायचीच.

सोप्यातली टाकी (शहापूर, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. होय, टाकी उघडीच आहे. दोन शंका राहिल्या. वीज दोन-तीन तास गेली तर हीटर इन्व्हर्टरवर घ्यावा का? आणि आठवड्याला १०० लिटर पाणी बदलतो, ते हौदातले गार पाणी असते. आमच्याकडे अजून बंब पेटतो, तर बंबातले गरम पाणी त्यात मिसळले तर चालेल का?

जुना छंदी (टिळकवाडी)

इन्व्हर्टरवर हीटर घेऊ नका, एअर पंप आणि फिल्टर घ्या. ३५० लिटर पाणी सावकाश निवते. आपल्या आकड्यानेच, कडाक्याच्या पहाटेसुद्धा तासाला जेमतेम ०.६ अंश उतरेल आणि झाकण घातल्यावर त्याहून कमी. तीन तासांत मासे गारठणार नाहीत, पण हवा बंद पडली तर गुदमरू शकतात.

पाणी बदलण्याची शंका मात्र महत्त्वाची आहे. मला वाटते, आपले लोच हीटर कमी पडल्यामुळे जितके गेले तितकेच या गार पाण्यामुळेही गेले असावेत. आता २७ अंशांच्या पाण्यात हौदातले १९ अंशांचे १०० लिटर एकदम ओतले तर पाच-दहा मिनिटांत सव्वादोन अंशांची घसरण होईल. क्लाउन लोचच्या अंगावर बारीक खवले असतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना सर्वांत आधी धरतो. पाणी कोमट करूनच घाला, पण बंब तांब्याचा असेल तर त्यातले घालू नका. तांब्याचा अंश माशांना बाधतो आणि गोगलगायी व झिंगे असतील तर ते मरतात. स्टीलच्या पातेल्यात गॅसवर तापवलेले पाणी बादलीतच गार पाण्यात मिसळा, थर्मामीटरने पाहा आणि मगच टाकीत सोडा.

सोप्यातली टाकी (शहापूर, बेळगाव)

पंधरा दिवसांनी लिहीत आहे. बंब तांब्याचाच आहे, त्यामुळे तो विचार सोडला. १५० वॅटचे दोन हीटर, कंट्रोलर आणि पाच मिलिमीटर काचेचे दोन तुकड्यांतले झाकण एवढे केले. अर्थिंग तपासले तेव्हा सोप्यातल्या सॉकेटला ते नव्हतेच, म्हणून स्वयंपाकघरातून नवी वायर ओढून घेतली. थर्माकोल फक्त मागे लावला आहे, कारण बाजूंनी नातवंडे मासे पाहतात. काल पहाटे सोप्यात १८ अंश होते आणि टाकीत २६. मी दहा मिनिटे समोर बसून पाहिले, तेवढ्यात दोन्ही हीटरचे दिवे विझले आणि उरलेले तीन लोच लाकडाखालून बाहेर येऊन खडी हुंगू लागले.