इंदूर: आई-बाबा दुपारी घरी दोघंच, दाराशी अनोळखी माणसं. दार आणि सवयी, दोन्हींत काय बदलावं?

ओटा_रामबाग

रामबागेत तळमजल्यावरचं जुनं घर आहे. पुढे तीन पायऱ्यांचा ओटा, त्यानंतर दोन फळ्यांचं सागवानी दार. आतून वर-खाली कड्या आणि मधे अडसर. मागे मोरीकडून बोळात उघडणारं दुसरं दार. आई ७१ वर्षांची, बाबा ७६. बाबांना कमी ऐकू येतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ते दोघंच असतात.

दिवसभर कोणी ना कोणी येतच असतं: मीटरवाला, गॅसची तपासणी, पार्सल, वर्गणी, भांडी चमकवायची पावडर, फिल्टरची जाहिरात. दोघांची सवय अशी की आधी दार सताड उघडायचं, मग कोण आहे ते बघायचं. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत पाठवणं आईला पटत नाही, आणि ते मला बदलायचंही नाही.

दाराला साखळी लावू, जाळीचं दार करू, की कॅमेरा बसवू? आणि खरा माणूस कोणता, हे त्यांनी ओळखायचं कसं?

कडीकोयंडा

साखळी नको. दोन फळ्यांच्या दारात साखळीचं दुसरं टोक शेजारच्या फळीवर येतं, आणि ती फळी उभी असते ती फक्त वरच्या-खालच्या कडीच्या भरवशावर. जुन्या घरांत खालच्या कडीचं फरशीतलं भोक मातीनं भरलेलं असतं, त्यामुळे कडी जेमतेम टेकते. खांद्याचा एक धक्का बसला की दोन्ही फळ्या आत. आज संध्याकाळी हे भोक खिळ्यानं उकरून साफ करा. कडी किमान २० ते २५ मिमी आत गेली पाहिजे. जात नसेल तर भोक खोल करून त्यात लोखंडी नळीचा तुकडा सिमेंटमध्ये बसवा. हे काम फुकटात होतं आणि सगळ्यात आधी करायचं आहे.

त्यानंतर ओट्याच्या बाजूला जाळीचं दार करा. तुमच्या घराला तेच योग्य, कारण वारा येतो, बोलता येतं आणि दार बंदच राहतं. वेल्डिंगवाल्याला हे नीट सांगा:

चौकट ४० × ४० मिमी चौरस पाइपची, पत्र्याची जाडी २ मिमी. गज १२ मिमीचे, दोन गजांत १० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. कडीभोवती चहूबाजूंनी किमान ७० सेंटिमीटर बारीक भोकांची लोखंडी शीट वेल्ड करा, म्हणजे गजांतून हात घालून कडी उघडता येणार नाही. बहुतेक जाळीची दारं इथेच फसतात: गज भक्कम, आणि कडी बाहेरच्याच्या हाताशी.

हे दार बाहेर उघडणार, म्हणजे बिजागऱ्या बाहेर येणार. पिन ठोकून काढली की कुलूप कितीही चांगलं असो, दार बिजागरीकडून सुटतं. दार बसवून नीट झुलतंय ना ते बघा, मगच पिनेची दोन्ही टोकं वेल्ड करून घ्या.

भिंत जुन्या विटांची, चुन्याची असेल तर फुगणारे अँकर बोल्ट नकोत. वीट तडकते आणि बोल्ट काही महिन्यांत हलायला लागतात. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या), भिंतीत २० सेंटिमीटर खोल, काँक्रीटमध्ये. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच दाराचं वजन टाका. वेल्डिंगवाला घाई करेल, ऐकू नका.

आतून किल्लीनंच उघडणारं कुलूप घेऊ नका. आग लागली, गॅस गळला तर धुरात किल्ली शोधत बसायची वेळ येईल. आतून हातानं फिरणारा खटका हवा, आणि तो त्या शीटच्या आड.

मधली_आळी

वरचं सगळं बरोबर, दोन गोष्टींची भर घालते.

पार्सलसाठी जाळीत ३० × १२ सेंटिमीटरची खिडकी ठेवा, तिला आतून कडी. ही खिडकी खटक्याच्या विरुद्ध बाजूला, बिजागरीच्या अंगाला हवी. माणसाचा हात खांद्यापासून साधारण ७० सेंटिमीटर पोचतो, तेवढ्याच्या बाहेर खटका राहिला पाहिजे. खिडकीत मावत नाही ते पार्सल ओट्यावर ठेवून जायला सांगावं आणि माणूस पायऱ्या उतरून गेल्यावर उचलावं.

पाण्याचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आईंना नाही म्हणायला लावू नका. ओट्यावर सावलीत तोटीचा माठ ठेवा, शेजारी पेला. 'माठातलं घ्या, थंड आहे' एवढं म्हटलं की माणुसकीही राहते आणि दारही बंद राहतं. पाणी मागण्यामागचा डाव बहुधा असा असतो की घरातली बाई आत वळली की एक जण तिच्या मागोमाग आत शिरतो. बाहेर माठ असला की तिला वळावंच लागत नाही.

आणि मागचं दार! पुढे घंटी वाजली की आधी मोरीचं दार लावलेलं आहे ना ते बघायचं, मग पुढे जायचं. दोघे येतात, एक पुढे बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा बोळातून शिरतो, हा जुना प्रकार आहे. म्हणून ते दार वापर नसेल तेव्हा कायमच कडी घातलेलं असावं. गच्चीच्या दारालाही हाच नियम.

वीजगॅसपार्सल

माणूस खरा की खोटा, हे चेहऱ्यावरून, गणवेशावरून किंवा गळ्यातल्या कार्डावरून ओळखायचा प्रयत्नच करू नये. कार्ड कुठल्याही दुकानात छापून मिळतं. विचारायचं फक्त एवढंच: आपण बोलावलं होतं का? नसेल तर आपल्याकडच्या नंबरावर आपण फोन करायचा. त्यानं दिलेला नंबर त्याच्याच साथीदाराचा असू शकतो.

वीज: स्मार्ट मीटर असेल तर रीडिंग आपोआप जातं. साधा मीटर ओट्यावर असेल तर तो बाहेरूनच वाचता येतो. घरात यायचं कारणच नाही. शंका आली तर १९१२, नाहीतर बिलावरचा नंबर.

गॅस: सिलिंडर असेल तर एजन्सीचा नंबर गॅसच्या पुस्तकावर असतो, पाइपचा गॅस असेल तर बिलावर. 'तपासणी सक्तीची आहे, ही नळी आत्ताच बदला, रोख द्या' असं म्हणणाऱ्याला थांबवून आधी एजन्सीला फोन. केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि ती साधारण पाच वर्षं चालते. ती तारीख आजच बघून कॅलेंडरवर लिहून ठेवलीत तर 'नळी खराब झालीय' म्हणणाऱ्याला आईच उत्तर देतील. गळतीची तक्रार १९०६ वर.

सिलिंडरचा डिलिव्हरी कोड सिलिंडर दारात आल्यावरच सांगायचा. न मागवलेलं पार्सल आलं आणि 'रद्द करायला ओटीपी सांगा' म्हणाले तर सांगायचा नाही. पार्सल परत पाठवायचं, बस. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

जनगणनेचे कर्मचारी मात्र खरोखर घरोघरी येतात. ते जाळीबाहेरून प्रश्न विचारून लिहून घेऊ शकतात. कागदपत्रं, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागत नाहीत. मागितलं तर तो जनगणनेचा माणूस नव्हे.

बोलताना कारण देऊ नका. 'मुलगी संध्याकाळी येईल' यातून घरात कोण नाही ते कळतं. 'सध्या पैसे नाहीत' म्हटलं की 'हप्त्यानं द्या' येतं. 'आज नको. फोन करून या.' एवढं एकच वाक्य दोघांना पाठ हवं.

रसायन_शाळा

भांडी चमकवायच्या पावडरीचा उल्लेख आलाय म्हणून हे सविस्तर लिहितो. या यादीतला सर्वांत महागात पडणारा प्रकार हाच.

सुरुवात तांब्या-पितळेपासून होते. समई खरंच लखलखते, विश्वास बसतो. मग चांदीचं पैंजण, मग हातातल्या बांगड्या. सोन्यासाठी वापरतात ते नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं साधारण एकास तीन मिश्रण, म्हणजे अम्लराज. यातलं कुठलंही एक आम्ल एकट्यानं सोनं विरघळवत नाही. नायट्रिक सोन्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि क्लोराइड त्याला द्रावणात धरून ठेवतं, म्हणून दोन्ही मिळून खातात. बांगडीचा आकार तसाच राहतो, चकाकीही येते, वजन मात्र घटतं. डब्यात हळद घालून 'अर्ध्या तासानं उघडा' सांगतात ते द्रावणाचा रंग लपवायला आणि निसटायला वेळ मिळावा म्हणून.

हे बहुतेकांना माहीत नसतं: गेलेलं सोनं त्या पाण्यातच असतं. ते पाणी बहुधा भामटा बरोबर नेतो. पण मागे राहिलं असेल तर मोरीत ओतू नका. स्टीलच्या भांड्यात ठेवू नका, आम्ल ते खातं. काचेच्या बरणीत, झाकण घट्ट न लावता, हवेशीर जागी ठेवा आणि पोलिसांना दाखवा. तांबूस वाफ दिसली तर खिडक्या उघडून खोलीबाहेर या. अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, मग डॉक्टर.

घरासाठी नियम एकच: अंगावरचा दागिना दारात उतरवायचा नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. उजळायचा असेल तर ओळखीच्या सराफाकडे, डोळ्यांसमोर, आधी आणि नंतर वजन करून.

ओटा_रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. कोणी 'पोलीस आहोत, घर बघायचंय' म्हणाला तर जाळी उघडायची का? आणि बाबांना घंटीच ऐकू येत नाही, त्याचं काय?

नियमकलम

पोलिसांना अडवायचं नाही, पण खात्री करायचा हक्क तुम्हाला आहे. जाळीतूनच नाव, हुद्दा आणि ठाणं विचारा आणि ११२ वर फोन करून, अमुक नावाचे अधिकारी आमच्या दाराशी आहेत, ते खरंच पाठवलेत का, हे विचारा. खरा अधिकारी ते दोन मिनिटं थांबतो.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट आहे. झडतीच्या वेळी परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित साक्षीदार लागतात (कलम १०३) आणि झडतीचं चित्रीकरण करावं लागतं (कलम १०५). अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी (कलम ३६). साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रियांना आणि ६० वर्षांवरील व्यक्तींना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं (कलम १७९). तेव्हा 'काकू, ठाण्यात चला' म्हणणाऱ्याबद्दल शंका घ्यायला पूर्ण जागा आहे. आणि 'पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून कागदात बांधून ठेवा' असं सांगणं हे पोलिसांचं काम नाहीच. जाळी बंद ठेवून तेव्हाच ११२.

तारजोडणी

बाबांसाठी दिवा लागणारी बिनतारी घंटी घ्या. दोन रिसीव्हर असलेली, एक स्वयंपाकघरात आणि एक त्यांच्या खुर्चीसमोर, डोळ्यांच्या रेषेत. खोलीच्या कोपऱ्यात लावलेला दिवा दिवसाउजेडी दिसत नाही. बाहेरच्या बटणात बहुधा १२ व्होल्टचा छोटा सेल असतो. तो उतरला की घंटी गुपचूप बंद पडते, म्हणून दर सहा महिन्यांनी बदला.

मग व्हिडिओ डोअरफोन. तारेचा घ्या, कॅमेरा जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, आणि जोडणी इन्व्हर्टरवर. वायफायचा घेतलात तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर वीज जाताच कॅमेरा आंधळा. वायफायचा फायदा एवढाच की तुम्हाला ऑफिसमधून बोलता येतं. तसं असेल तर कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. दार पश्चिमेला असेल तर दुपारी मागून ऊन येऊन चेहरा काळा दिसतो, म्हणून डब्ल्यूडीआर (मागून उजेड असला तरी चेहरा नीट दाखवणारी सोय) असलेलंच मॉडेल घ्या. कॅमेरा जाळीच्या आत लावू नका. रात्री त्याचा इन्फ्रारेड उजेड गजांवरून परततो आणि पडदा पांढरा होतो.

ओट्यावरचा ९ वॉटचा दिवा दाराच्या वर हवा, म्हणजे उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडतो. तो पायऱ्यांकडे, येणाऱ्याच्या पाठीमागे असला तर नुसती सावली दिसते.

दारात भिंगही बसवा, रोज उघडणाऱ्या फळीत, दोघांत बुटकं असेल त्याच्या डोळ्याच्या उंचीला. सागवानी फळी जाड असते, भिंगाची नळी तेवढी लांब होते का ते दुकानातच बघा. आतून झाकण असलेलं घ्या. नाहीतर कोणी भिंगाला डोळा लावला की बाहेरून उजेड बदललेला दिसतो आणि घरात माणूस आहे हे कळतं.

आणि आईंच्या फोनमध्ये सेटिंगमधली इमर्जन्सीची सोय चालू करून ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पटपट पाच वेळा दाबलं की ती सुरू होते. कोणी आत घुसलाच तर वाद घालायचा नाही, अडवायचं नाही, जे दार जवळ असेल तिथून बाहेर पडून शेजाऱ्यांना हाका मारायच्या. त्यासाठी बोळातल्या दाराची कडी आईंच्या हाताला सहज सरकते का, हे या रविवारी तेल घालून बघून घ्या.