हार्डडिस्क एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर रीड-ओन्ली. मदत हवी आहे

अर्धवटराव:
२ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क दोन संगणकांवर वापरतो. लॅपटॉपवर सगळं ठीक. डेस्कटॉपवर फाइली उघडतात, पण काही सेव्ह करायला गेलं की 'रीड-ओन्ली'. परवापर्यंत चालत होतं. उद्या काम द्यायचंय, पटकन सांगा.

खटपट्या:
दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? डिस्कचा फॉरमॅट? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणताय.

अर्धवटराव:
लॅपटॉप विंडोज, डेस्कटॉप उबुंटू लिनक्स. फॉरमॅट एनटीएफएस. त्याचा काय संबंध?

सरळमार्गी:
डिस्कचा फॉरमॅट बदलून एक्सफॅट करून टाका. माझी डिस्क विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालते.

कीबोर्डवाली:
अहो, फॉरमॅट मारल्यावर आतला डेटा कुठे जाईल? शिवाय एक्सफॅटला जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवणं, नाही. लिहिताना वायर निघाली की बसा रडत.

सरळमार्गी:
चार वर्षांत एकदाही गेला नाही डेटा.

कीबोर्डवाली:
जाईल तेव्हा इथेच धागा काढाल.

नॅसप्रेमी:
हे सगळं सोडा, नॅस घ्या. डिस्क नेटवर्कवर, कितीही संगणक एकदम वापरा.

भोपळा:
माझ्या पेनड्राइव्हवर ६ जीबीची फाइल कॉपी होत नाही, जागा आहे तरी. हाच प्रॉब्लेम का?

खटपट्या:
राव, डिस्क लॅपटॉपवरून काढता कशी? इजेक्ट करता ना?

अर्धवटराव:
काढतच नाही. यूएसबी स्विच आहे. बटण दाबलं की डिस्क डेस्कटॉपला जाते.

खटपट्या:
हे आधी सांगायचं! बटण दाबणं म्हणजे चालू डिस्कची वायर उपटणं. विंडोजचं लिहिणं अर्धवट राहतं, डिस्कवर 'डर्टी' अशी खूण राहते आणि लिनक्स घाबरून ती फक्त वाचण्यापुरती उघडतं. डिस्क लॅपटॉपला लावा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मग इजेक्ट, मगच बटण. आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं झोपत नाही.

नॅसप्रेमी:
नॅसला इजेक्टची भानगडच नाही.

अर्धवटराव:
झालं सेव्ह! चेकला वीस मिनिटं लागली. बटणावर चिकटपट्टी लावून वर 'आधी इजेक्ट' लिहिलंय.

कीबोर्डवाली:
@भोपळा, तुमचा पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असणार. त्यात ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. एक्सफॅट करा.

सरळमार्गी:
आता कसं एक्सफॅट आठवलं?