स्पर्धा कायद्याचे सल्लागार: गरज की भीतीचा धंदा?

खोकेवाला:
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझा कोरुगेटेड बॉक्सचा लहान कारखाना आहे. मागच्या महिन्यात आमच्या संघटनेच्या सभेला मुंबईच्या एका लॉ फर्मचे दोघे आले होते. स्पर्धा कायद्यावर, म्हणजे धंदेवाल्यांनी आपसांत दर ठरवू नयेत या कायद्यावर, तासभर स्लाइड दाखवल्या. दरावर बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, चहा पितानासुद्धा नको. शेवटच्या स्लाइडवर कायदा पाळायला मदत करायचं वर्षाचं 'कम्प्लायन्स पॅकेज': सव्वातीन लाख, वर जीएसटी.

क्राफ्ट पेपरच्या गिरण्या मनाला येईल तेव्हा भाव वाढवतात. खोकी घेणारी मोठी कंपनी वर्षभराचा दर बांधून घेते. मधल्या मधे आमचं भरीत. मग चौदा कारखानदारांनी बसून 'किलोमागं दोन रुपये वाढवल्याशिवाय कुणी माल द्यायचा नाही' असं ठरवलं तर त्यात संगनमत कसलं? ही जगायची धडपड. हा कायदा सिमेंटवाल्यांसाठी आहे, आमच्याकडून नुसती फी काढायचं चाललंय. पटत नसेल तर खोडून काढा.

सीएस_मंजिरी:
खोकेवालेसाहेब, आधी ते दोन रुपयांचं वाक्य खोडा, मग भांडू!

स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 3(3) नेमकं यावरच आहे. एकाच धंद्यातल्यांनी मिळून दर ठरवला की स्पर्धेला बाधा आली असं गृहीत धरतात. आली नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. करार लेखी लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. आणि संघटनेची सभा हे काही चिलखत नाही. उलट बहुतेक प्रकरणांत पहिला धागा तिथंच सापडतो.

फक्त सिमेंट म्हणता, तर पुण्याचं घ्या. महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांमध्ये काही पुरवठादारांनी आपसांत ठरवून नावापुरत्या निविदा भरल्या. नागरिक चेतना मंच या संस्थेनं तक्रार केली आणि 2018 मध्ये हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगानं दंड ठोठावला. त्यात कुणी अंबानी-अदानी नव्हते, तुमच्याआमच्यासारख्याच फर्म होत्या. शिवाय कलम 48 खाली फर्मबरोबर ती चालवणाऱ्या माणसालाही दंड होऊ शकतो.

तिरका_पेठकर:
मंजिरीताई, कायदा बरोबर सांगितलात. पण धागा सल्लागारांवर आहे, तिकडे कुणी बघेना.

संगनमत करणाऱ्यांपैकी जो सगळ्यांत आधी आयोगाकडे जाऊन कबुली देतो आणि पुरावे पुरवतो, त्याचा दंड 100 टक्क्यांपर्यंत माफ होतो. दुसऱ्याला 50 पर्यंत, तिसऱ्याला 30 पर्यंत. बिअरच्या प्रकरणात 2021 मध्ये एकूण सुमारे 873 कोटींचा दंड झाला. महाराष्ट्रातले दरही त्यात होते. पहिला अर्ज करणाऱ्या एबी इनबेव्हला भरावा लागला शून्य. बॅटरी सेल बनवणाऱ्यांच्या प्रकरणात, 2018 साली, तेच झालं: पॅनासॉनिक सुटली, एव्हरेडीला 171 कोटी.

आता सांगा, या शर्यतीत पहिला कोण पोचणार? ज्याच्या दिमतीला वकिलांची फौज आहे तो. शिरोलीच्या कारखानदाराला असली शर्यत असते हेच कळेपर्यंत तिचा निकाल लागलेला असतो. आणि सिमेंट कंपन्यांना 2012 मध्ये झालेल्या साधारण 6,300 कोटींच्या दंडाचं काय झालं? आयोग, अपील, पुन्हा आयोग, पुन्हा अपील. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं 10 टक्के भरायला सांगून अपील दाखल करून घेतलं. प्रत्येक पायरीवर कुणाची बिलं फाटली, मी सांगायला हवं का?

कोकणी_मेडिकल:
मी सावंतवाडीकडचा. इथं सगळे 'बिचारे लहान व्यापारी' म्हणून सूर लावतायत, तर लहान व्यापाऱ्याची दुसरी बाजू ऐका.

औषधाच्या धंद्यात एनओसी नावाचं प्रकरण होतं. कंपनीला नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, नेमायचा असेल तर आधी संघटनेचं ना हरकत पत्र लागायचं. ते देणारे कोण? त्याच गावात आधीपासून बसलेले स्टॉकिस्ट. म्हणजे नवीन खानावळ काढायची परवानगी शेजारच्या खानावळवाल्याकडून! मी दोन वर्षं चपला झिजवल्या. शेवटी किरकोळ दुकानावर समाधान मानलं.

शेजारी गोव्यात केमिस्टांच्या संघटनेविरुद्ध तक्रार झाली आणि 2012 मध्ये आयोगानं या प्रकाराला चाप लावला. दंड फक्त 2 लाखांचा होता, पण आमच्यासाठी तो आकडा महत्त्वाचा नव्हताच. पुढच्या वर्षी अखिल भारतीय संघटनेलाही दंड झाला. खोकेवाले, तुमच्या चौदा जणांत उद्या पंधरावा आला आणि दोन रुपये कमी दरानं माल देऊ लागला, तर त्याला तुम्ही क्राफ्ट पेपर मिळू द्याल? छातीवर हात ठेवून सांगा.

खोकेवाला:
घाव बरोबर बसला. खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावच्या एका नव्या पोराबाबत आमच्यात असंच बोलणं झालं होतं. केलं काही नाही, पण बोलणं झालं.

तरी फीचा मुद्दा सोडत नाही. रेल्वेला ब्रेक ब्लॉक पुरवणाऱ्यांचं प्रकरण मीही वाचलंय. संगनमत सिद्ध होऊनसुद्धा 2020 मध्ये आयोगानं लघुउद्योग म्हणून पैशाचा दंड केला नाही, फक्त 'पुन्हा करू नका' म्हणाले. मग सव्वातीन लाख कशाला घालू?

सीएस_मंजिरी:
ते कोरोनाचं वर्ष होतं आणि त्या कंपन्यांनी चौकशीत सहकार्य केलं होतं, आदेशात ही कारणं आहेत. त्याच्या भरवशावर राहू नका. मार्च 2024 पासून दंडाची कमाल मर्यादा एकूण उलाढालीवर मोजतात. आधी, 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, ज्या मालात संगनमत झालं तेवढ्याचीच धरायचे. खोक्यांबरोबर तुम्ही भंगार कागद विकत असाल तर तोही आता त्यात आला.

पण फीबद्दल तुमच्याशी सहमत. सव्वातीन लाख हे लुबाडणं आहे, आणि मी याच धंद्यात असून सांगते. आयोगाची कम्प्लायन्सची पुस्तिका फुकट मिळते. चौदा जणांच्या संघटनेला एक जाणकार वकील, अर्ध्या दिवसाची बैठक आणि सभेची विषयपत्रिका आधी तपासून घेणं, एवढं पुरतं. कच्च्या मालाच्या तुटवड्यावर, जीएसटीवर, सरकारला निवेदन देण्यावर खुशाल बोला. विकायच्या दराचा विषय निघाला की हरकत घ्या, उठून बाहेर जा आणि बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात करायला लावा.

तिरका_पेठकर:
आणि दोन रुपये ठरवले त्या सभेचं इतिवृत्त? ते कुणाकडे आहे?

खोकेवाला:
माझ्याकडंच. सचिव मीच आहे.

सीएस_मंजिरी:
फाडू नका! काहीही फाडू नका. आजच मेसेज करते.